सोळा अक्षरी पासवर्ड आणि भुईकाटा

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, तुरीचा सीझन ऐन भरात, आणि सकाळी पावणेआठला मुनीमकाकांचा फोन. "सर, काट्याची स्लिप निघंना झालीय, गाड्या थांबूलालेत, शेठ पूजेला बसलेत तोवर या." म्हणजे शेठ पूजेवरून उठायच्या आत या, असा त्याचा अर्थ. चहा अर्धा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

मी लातुरात छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरची वर्षाची मेन्टेनन्सची कामं घेतो. दोन डाळ मिल, एक पतसंस्था, एक कोचिंग क्लास, एक दवाखाना, असं किरकोळ. सर्व्हर म्हणलं की लोकांना थंडगार खोली आन निळे दिवे दिसतात, आमच्याकडं सर्व्हर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला डेस्कटॉप, वर तुरीच्या भुशाचा थर आणि बाजूला मुनीमकाकांच्या चपला. या मिलमधे त्याच डबड्यावर भुईकाट्याचं सॉफ्टवेअर चालतं. ट्रक काट्यावर आला की वजन येतं, कॅमेरा फोटो काढतो, स्लिप निघते, आणि शेठला घरबसल्या मोबाईलवर दिसतं की आज किती गाड्या आल्या. हे मोबाईलवर दिसणं महत्वाचं हाय, पुढं येतंय ते.

गेलो तर गेटच्या बाहेर लाईन. एक ड्रायव्हर ट्रकखाली चादर टाकून झोपला होता, दुसरा हॉर्न वाजवायलाच बसला होता. केबिनमधे मुनीमकाका म्हणले, "ह्याचा पंखा रात्रीपासून लई वरडूलालाय." खरंच, पिठाची गिरणी चालू केल्यासारखा आवाज. एक स्लिप काढून बघितली, चार मिनिटं लागली. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर ९८ टक्के, आणि सगळा एकच प्रोग्राम खातोय. नाव विंडोजच्याच एका प्रोग्रामचं, पण बसलेला भलत्याच फोल्डरमधे. म्हणजे कुणीतरी आमच्या मशीनवर क्रिप्टोचं मायनिंग (मशीनला हिशोबात राबवून डिजिटल नाणी कमवायची) लावून दिलेलं, वीजबिल शेठचं आणि नाणी त्याची.

नेटची वायर उपटली, प्रोग्राम मारला, फाईल बाजूला काढून ठेवली. काकांनी ड्रॉवरमधून कार्बनचं जुनं पावतीबुक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि लिहायला सुरवात केली. दहा मिनिटात लाईन हलली.

आता खरी गोष्ट. हा माणूस आत कसा आला हे मला कळंना. कारण या मशीनचा ॲडमिनचा पासवर्ड मी स्वतः टाकलेला, सोळा अक्षरी. आज्जीच्या गावाचं नाव, तिच्या म्हशीचं नाव, मधी आकडे, हॅशची खूण (#), सगळं. आधी तिथं शेठच्या मुलाचं नाव आणि एक दोन तीन होतं, ते बदलताना मी अर्धा तास भाषण दिलं होतं की पासवर्ड असा पाहिजे की सात जन्मात कुणाला सुचला नाही पाहिजे. काका त्या भाषणात दोनदा जांभई देऊन गेले.

विंडोजमधे कोण कधी लॉगिन झालं याची नोंद राहते. फसलेल्या लॉगिनचा नंबर ४६२५, झालेल्या लॉगिनचा ४६२४. बघितलं तर ४६२५ च्या हजारो ओळी, रात्रंदिवस, जगभरातून. रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून नेटवरून मशीन चालवायची सोय, बाहेर उघडा असला की हे होणारच, मशिनी दारोदार पासवर्ड अंदाजे टाकत फिरत असतात. (उघडा कुणी ठेवला? मीच. कोरोनात शेठला घरून अकाउंट बघायचं होतं आणि नंतर बंद करायचं राहून गेलं.) पण त्या सगळ्या फसल्या, म्हणजे म्हशीनं आपलं काम चोख केलं. आणि मग एक ४६२४. नेटवरच्या नव्या पत्त्यावरून. त्या पत्त्यावरून आधी एकही फसलेला प्रयत्न नाही. पहिल्याच फटक्यात, सोळाची सोळा अक्षरं बरोबर.

ह्याला पासवर्ड फोडणं म्हणत नाहीत, ह्याला पासवर्ड माहित असणं म्हणतात. आधी वाटलं काकांनी कुणाला सांगितला, मग वाटलं माझ्याच मोबाईलमधून गेला. काकांकडं जरा संशयानं बघितलं पण, त्याची आता लाज वाटतीय.

सापडलं ते काट्याच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमधे, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाईलमधे. शेठच्या मोबाईलवर ट्रकचा फोटो दिसायचा तर पानाच्या पत्त्यात फोटोच्या फाईलचं नाव जातं, सॉफ्टवेअर त्या नावाची फाईल फोटोच्या फोल्डरमधून उचलतं आणि पाठवून देतं. रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी कुणीतरी फोटोच्या नावाच्या जागी डॉट डॉट स्लॅश, डॉट डॉट स्लॅश असं चार वेळा लिहून पुढं कॉन्फिग फाईलचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फाईलचं नाव टाकलेलं. डॉट डॉट म्हणजे एक फोल्डर मागं. ओळीच्या शेवटी आमच्या मशीनचं उत्तर, २००, म्हणजे ओके, घ्या, आणि पाठवलेला माल १,१८४ बाईट.

मिलमधे पोऱ्याला सांगावं की गोदामातून अमुक नंबरची पिशवी आण, आणि कुणी त्याला म्हणलं "गोदामात जा, तिथून मागच्या दारानं बाहेर ये, आणखी एक दार मागं जा, मग शेठच्या घरात शिर, देवघरातल्या कपाटातली डबी आण", तर पोऱ्या विचारंल की ओ, हे कुठं पाठवायलाव मला. सॉफ्टवेअर विचारत नाही. चार दारं मागं गेलं, डबी घेऊन आलं, देऊन टाकली. लॉगिन पण नाही लागलं, कारण फोटो दाखवायला लॉगिन तपासायचं बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती १,१८४ बाईटची फाईल मी उघडली. सातवी का आठवी ओळ. आज्जीचं गाव, म्हैस, आकडे, हॅश. जसंच्या तसं, उघडं. दोन मिनिटं नुसता बघत बसलो.

तो पासवर्ड तिथं कसा गेला तेही आठवलं. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या इंजिनिअरनं विचारलं होतं, "सर, रोजचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर कॉपी करायचाय, ॲडमिनचा पासवर्ड लागंल." आणि मीच कीबोर्ड ओढून टाकून दिला होता, त्याला बघू नको म्हणून तोंड फिरवायला लावून. काय उपयोग.

इथं एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी हाय, मला पण ती इतक्या वर्षांनी नीट समजली. सर्व्हर जेव्हा *तुम्हाला* ओळखतो तेव्हा त्याला तुमचा पासवर्ड साठवायची गरज नसते. तो पासवर्डाचा हॅश (ही # खूण नव्हं, पासवर्ड दळून काढलेला ठसा) ठेवतो, तुम्ही टाकलेल्याचा पुन्हा हॅश काढतो आणि जुळवून बघतो. हॅशवरून मागं पासवर्ड काढता येत नाही, अंदाज करत बसावं लागतं, आणि बीक्रिप्टसारखी मुद्दाम हळू चालणारी पद्धत असली तर बसा बोंबलत. पण सर्व्हरला जेव्हा *स्वतः दुसरीकडं* लॉगिन करायचं असतं, डेटाबेसला, मेलला, बॅकअपच्या मशीनला, तेव्हा त्याला खरा पासवर्डच लागतो. मग तो कुठंतरी मूळ रूपात असणार, नाहीतर कुलूप लावून आणि किल्ली शेजारीच ठेवून. ॲडमिन पासवर्ड उघडे पडतात ते बहुतेक असल्याच जागी.

आणि हे फक्त आमच्या भुईकाट्याचं रडगाणं नाही. मोठ्या मोठ्यांचं ऐका.

२०१४ च्या जूनमधे सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हर बोर्डांची भानगड बाहेर आली. मोठ्या सर्व्हरच्या बोर्डावर एक वेगळी छोटी चिप असते, सर्व्हर बंद असला तरी लांबून चालू करता यावा म्हणून. तिच्या ४९१५२ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं नेटकडचं दार) जाऊन पीएसब्लॉक नावाची फाईल मागितली की ॲडमिनचे पासवर्ड साध्या अक्षरात हातात. त्यावेळी इंटरनेटवर शोधल्यावर ३१,९६४ मशिनी अशा सापडल्या. आता म्हणाल मूळ पासवर्ड ठेवलाच कशाला, हॅश ठेवायचा की. तर ठेवावाच लागतो, कारण ते ज्या आयपीएमआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं चालतं तिची रचनाच तशी हाय की ओळख पटवायला मशीनला मूळ पासवर्ड माहित लागतो. त्याहून भारी म्हणजे त्याच पद्धतीच्या २.० आवृत्तीत लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच सर्व्हर समोरच्याला पासवर्डापासून काढलेला हॅश पाठवतो, मग समोरच्यानं निवांत घरी बसून फोडावा. ही कुणा एका प्रोग्रामरची चूक नाही, नियमच तसा लिहिलाय, त्यामुळं पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मारून पण जात नाही. असले पोर्ट बाहेर दिसू द्यायचे नाहीत, एवढंच हातात.

मायक्रोसॉफ्टचं तर मी स्वतः वापरलेलं हाय. एका कॉलेजच्या लॅबमधे (नाव नाही सांगत) साठ मशिनींचा ॲडमिन पासवर्ड एकाच जागेवरून बदलायचा होता, विंडोज सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत तशी सोय होती, दोन मिनिटात काम. तो पासवर्ड एका एक्सएमएल फाईलमधे एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरच्या अशा फोल्डरमधे पडायचा की डोमेनमधला, त्या कॉलेजच्या नेटवर्कातला, कुठलाही युजर, म्हणजे पहिल्या वर्षाचं पोरगं पण, तो वाचू शकायचं. एन्क्रिप्शन एईएस २५६, एकदम कडक. फक्त त्याची किल्ली सगळ्या जगाला एकच, आणि ती मायक्रोसॉफ्टनं आपल्याच वेबसाईटवर माहितीच्या पानात छापून ठेवलेली. मे २०१४ मधे त्यांनी पॅच काढला, एमएस१४-०२५. त्या पॅचनं नवीन पासवर्ड असा ठेवणं बंद झालं, पण आधी ठेवलेल्या फाईली तशाच राहिल्या, त्या आपण जाऊन पुसायच्या. मी पॅच टाकला, खूष झालो, आणि त्या लॅबची जुनी फाईल मला २०१९ ला सापडली. पाच वर्षं. त्या लॅबमधून किती पोरं पास होऊन गेली असतील.

पॅच मारला की झालं, हा जो समज हाय ना, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉलचं, म्हणजे ऑफिसच्या नेटच्या तोंडाशी बसवतात त्या राखणदार मशीनचं. अशा खोटांची सीव्हीई नावाची जी जागतिक यादी हाय, त्यातली २०१८-१३३७९ नंबरची खोट. पुन्हा तेच, डॉट डॉट स्लॅशची जात. व्हीपीएनच्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या सोयीच्या) लॉगिनच्या पानावरून, लॉगिन न करता, आत चालू असलेल्या सेशनची फाईल वाचता यायची आणि त्या फाईलमधे युजरनेम आणि पासवर्ड उघडे. तैवानच्या संशोधकांनी शोधली होती, कंपनीनं २०१९ च्या मे महिन्यात पॅच दिला. आणि सप्टेंबर २०२१ मधे सुमारे ८७,००० फायरवॉलचे जवळपास ५ लाख लॉगिन कुणीतरी फुकट वाटले. दोन वर्षांनी! त्यातल्या कितीतरी लोकांनी मधल्या काळात पॅच मारलेला असणार, पण चोरानं पॅचच्या आधीच फाईल वाचून नेलेली, आणि पासवर्ड ज्यानं बदलला नाही त्याला पॅचचा उपयोग शून्य. कंपनीनं पण तेच सांगितलं, की पॅच मारला असला तरी सगळ्यांचे पासवर्ड बदला. दार दुरुस्त केलं पण डबी तर गेलेलीच हाय की.

ओनक्लाउड म्हणजे आपल्याच सर्व्हरवर फाईली ठेवायचं सॉफ्टवेअर, त्याचं नोव्हेंबर २०२३ चं तर हसू येण्यासारखं. त्याच्या एका ॲपमधे पीएचपीची (वेबसाईट बनवायच्या भाषेची) सगळी माहिती दाखवणारं एक टेस्टचं पान राहून गेलेलं, आपण नवीन सर्व्हरवर पीएचपी नीट बसलं का बघायला बनवतो तेच. आता कंटेनरमधे (सॉफ्टवेअर डब्यात बंद करून चालवतात तसं) ॲडमिनचा पासवर्ड द्यायची पद्धत म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, चालू करताना प्रोग्रामच्या हातात दिलेल्या चिठ्ठ्याच, आणि ते पान एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळे छापतं. म्हणजे फाईल चोरायची गरजच नाही, पान उघडा आणि वाचा. धोक्याचे मार्क दहापैकी दहा मिळाले त्याला. मी अशी टेस्टची पानं किती ठिकाणी विसरलो असंल देव जाणे, त्या रात्री बसून शोधली तर दोन सापडली.

तर, सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा म्हणला, "सर आमच्या सॉफ्टवेअरमधे काही प्रॉब्लेम नाही, तुम्ही पोर्ट बाहेर ओपन कशाला केला?" मी म्हणलं तुमच्याच माणसानं मोबाईल ॲप चालावं म्हणून राऊटरमधे ओपन करून दिला, माझ्यासमोर. मग तो म्हणला वरच्याला विचारतो. लॉगची ओळ स्क्रीनशॉट काढून पाठवली तेव्हा कुठं सूर बदलला. तसं बघितलं तर पोरग्याचं अर्धं बरोबर पण होतं, रिमोट डेस्कटॉप मीच उघडा ठेवलेला, नाहीतर नुसत्या पासवर्डाला घेऊन त्यानं काय लोणचं घातलं असतं.

सहा दिवसांनी नवीन व्हर्जन आलं. मी घरच्या लॅपटॉपवर बसवून बघितलं, डॉट डॉट स्लॅश टाकलं, आलं नाही. वा म्हणलं. मग डॉटच्या जागी टक्का, दोन, ई असं लिहून टाकलं, जो वेबच्या भाषेत डॉटच असतो. आली फाईल. त्यांनी फक्त डॉट डॉट ही अक्षरं शोधून अडवलेली, वेष बदलून आलं की सलाम ठोकून आत. आता ह्या पोरांना हसायला मी तयार होतो, पण हेच साक्षात अपाची वेब सर्व्हरचं झालंय ऑक्टोबर २०२१ मधे. २.४.४९ मधे असंच टक्केवालं भोक निघालं, ४ तारखेला २.४.५० काढलं, त्यात टक्क्यालाच पुन्हा टक्क्यात गुंडाळून टाकलं की चालायचं, मग ७ तारखेला २.४.५१. अपाचीची ही गत, तर काट्यावाल्यांना काय बोलायचं. फरक एवढाच की अपाचीनं तीन दिवसात जाहीर कबूल करून दुरुस्त केलं, आणि आमच्यावाल्यांनी मला विचारलं की सर तुम्ही असलं टाकून बघताच कशाला.

तिसरं व्हर्जन बरं आलंय. फाईलचं नाव घेतच नाही, स्लिपचा नंबर घेतं आणि फाईल कुठली ते स्वतः ठरवतं, लॉगिन पण मागतं. आणि बॅकअपला मी आता वेगळा युजर करून दिलाय, त्याला एका फोल्डरमधे लिहायची परवानगी, बाकी काही नाही. त्याचा पासवर्ड उद्या गेला तर चोराला तुरीच्या वजनाच्या फाईली मिळतील, त्यानं निवांत बसून मोजाव्यात. मशीन फॉरमॅट मारून नव्यानं बसवलं, रिमोट डेस्कटॉप बाहेरून बंद. शेठनं एवढंच विचारलं, "बिल किती?" सांगितलं. त्यावर "आन मायनिंगचं आपल्याला काय मिळालं?" शेठ माणूस.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट, जी मी इतका वेळ टाळत आलो. तो सोळा अक्षरी पासवर्ड मला एवढा आवडला होता, एवढा पाठ झाला होता, की मी तो फक्त त्या मिलमधे नाही, पाच ठिकाणी टाकलेला. दुसऱ्या मिलमधे, क्लासमधे, दवाखान्यात, पतसंस्थेत. शेवटचा आकडा पण बदलला नव्हता. १,१८४ बाईट एका मिलमधून गेल्या, पण वाचणाऱ्याच्या हातात माझी पाचही गिऱ्हाईकं गेली, फक्त त्याला पत्ते माहित नाहीत एवढंच. का माहित असतील? त्या मशीनच्या डेस्कटॉपवर माझी एक नोट होती, "सर्व कामाची यादी", त्यात बाकीच्यांची नावं होती की नव्हती हे मला आता आठवत नाही आणि मशीन तर मी फॉरमॅट करून बसलोय. फॉरमॅटच्या आधी डिस्कची कॉपी घ्यायला पाहिजे होती, हे पण आता सुचतंय.

हे ध्यानात आलं त्याच दिवशी संध्याकाळपासून फिरायला लागलो. क्लासवाल्या सरांना म्हणलं पासवर्ड बदलायचाय, तर ते म्हणले, "कामून? तुम्हीच तर म्हणला होता की सात जन्म लागतेत." दवाखान्यात रात्री अकराला रिसेप्शनच्या मशीनवर बसलो, मागं सलाईन लावलेलं लेकरू रडत होतं आणि त्याची आज्जी मला विचारत होती की रिपोर्ट कधी येतोय. दुसरी मिल पहाटे झाली. चार झाले.

राहिली पतसंस्था. तिथला मॅनेजर लग्नाला औशाला गेलाय, किल्ली त्याच्याकडं, सोमवारी साडेदहाला उघडणार. शिपायाला घेऊन मागच्या खोलीतल्या राऊटरचा प्लग तेवढा काढून आलोय. मगापासून मॅनेजरचे तीन मिसकॉल येऊन गेलेत, मोबाईलवर कॅमेरे दिसंनात म्हणून असणार. चौथा आला की उचलतो.